खोडावरची मोडी वाचताना : शैवाकं शोधायची आणि टिपायची कशी

शैवाकं, म्हणजे इंग्रजीतली लायकेन, बघायला सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी त्यांना आधी वाण्याकडे पाठवते. दहा-वीस ग्रॅम दगडफूल आणा, तेही शैवाकच. गोड्या मसाल्यात पडतं तेच, काळपट-राखाडी, चुरगळलेल्या कागदासारखं. मसाल्याला घेताना आपण ते मूठभर उचलून तव्यावर टाकतो, नीट बघत कधीच नाही. आज त्यातला एक मोठा तुकडा पांढऱ्या ताटलीत ठेवा आणि खिडकीपाशी बसा.

वरची बाजू राखाडी, किंचित हिरवट. उलटा केलात तर काळाकुळकुळीत, पण कडेला तपकिरी पट्टा. मधल्या काळ्या भागावर बारीक काळे केस दिसतील. ती मुळं नव्हेत, सालीला चिकटून राहण्यासाठी धरलेली पकड आहे. काही तुकड्यांच्या कडेला पापणीसारखे केसही असतात. आता बोट पाण्यात बुडवून वरच्या बाजूवर दोन थेंब टाका आणि मिनिटभर थांबा. माल फार जुना नसेल तर राखाडी रंगाखालून हिरवा वर येतो.

हा हिरवा म्हणजे आतलं शैवाल. शैवाल आणि कवक मिळून शैवाक, असा हा शब्दच आपल्याला सगळं सांगून टाकतो. कवक म्हणजे बुरशी. ती घर बांधते, पाणी धरून ठेवते. तिच्या धाग्यांत राहणारं शैवाल, काही जातींत नीलहरित जिवाणू, उन्हावर अन्न तयार करतं. सिमॉन श्वेन्डेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1867मध्ये हे मांडलं तेव्हा शैवाकांच्या त्या वेळच्या मोठमोठ्या अभ्यासकांनी ते मानायला नकार दिला होता. दोन वेगळे जीव मिळून एक शरीर करतात हे त्यांच्या पचनी पडेना. तुमच्या ताटलीतल्या तुकड्यावर पाण्याच्या दोन थेंबांत त्यातला एक भागीदार दिसून जातो.

दगडफूल नावात दगड असला तरी बाजारात येणारं बहुतेक दगडफूल झाडांच्या सालीवरून काढलेलं असतं. तेव्हा आता झाडाकडे जाऊ.

कुठे बघायचं

मी कोकणातल्या आमच्या वाडीतली उदाहरणं देते, कारण तिथली झाडं मला पाठ आहेत. घाटावर राहणाऱ्यांनी आपल्या शिवारातली झाडं त्या जागी धरावीत.

पोफळीच्या गुळगुळीत खोडावर पांढरे, फिकट हिरवे गोल चट्टे असतात. लहानपणापासून आपण ते बघतो आणि पोफळीचं खोड असंच असतं असं समजतो. ती शैवाकं आहेत. माडाच्या खोडावरही तसेच चट्टे असतात. जुन्या आंब्याच्या खडबडीत सालीवर पानासारखी पसरलेली राखाडी शैवाकं बघा. फणस, जांभूळ, हिरडा, अंजनी ही झाडंही चांगली. पेरू आणि निलगिरी साल टाकत राहतात, त्यामुळे तिथे शैवाकाला बस्तान बसवायला वेळच मिळत नाही. चुना-गेरूचे पट्टे मारलेलं किंवा बोर्डो पेस्ट लावलेलं खोडही सोडून द्या. बोर्डोतल्या मोरचुदापुढे कवक टिकत नाही.

झाडं संपली की जांभ्याचा गडगा, पाखाडीच्या कडेचे दगड, विहिरीचा कठडा, देवळाचा जुना चुना. देशावर आणि गडांवर उघड्या काळ्या कातळावर राखाडी, पिवळट, कधी शेंदरी गोल दिसतात. शेंदरी दिसलं म्हणून लगेच पाणी शिंपडायला जाऊ नका. गावात खऱ्या शेंदराचा दगड म्हणजे देव असतो, आधी विचारा. महाबळेश्वर, आंबोलीसारख्या धुक्याच्या जागी फांद्यांना लटकणाऱ्या हिरवट दाढ्या मिळतात. त्यातला खाली पडलेला एखादा धागा उचलून हलकेच ताणा. वरची साल तुटते आणि आत पांढरी, रबरासारखी ताणणारी दोरी दिसते. ही उस्निया नावाच्या शैवाकाची खूण. सदाहरित जंगलात तर चामड्यासारख्या जाड, जिवंत पानांवरसुद्धा छोट्या चकत्या असतात.

रस्त्याच्या धुळीपासून आणि खडी क्रशरपासून लांब जा. हवेतल्या गंधकाच्या धुराने शैवाकं मरतात. शहरातल्या खराब हवेचा शैवाकांवर होणारा परिणाम पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत विल्यम नायलँडर या अभ्यासकाने 1866मध्येच नोंदवला होता. आडगावातल्या जुन्या झाडावर तासाभरात जेवढं दिसेल तेवढं शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांवर दिवसभर फिरून दिसत नाही.

हंगाम म्हणाल तर दसऱ्यापासून होळीपर्यंत. भर पावसात सगळं चिंब असतं, भिंगावर वाफ धरते आणि जळवा लागतात. हिवाळ्यात सकाळी सात-आठला जा. दव प्यायलेली शैवाकं फुगून ताजी दिसतात. दहा वाजेपर्यंत तीच वाळून फिकी पडलेली असतात. आणखी एक संधी वळवाच्या पावसानंतर येते. वाऱ्याने शेंड्याच्या फांद्या खाली पडतात, आणि एरवी चाळीस फुटांवर असलेली शैवाकं आपल्या पायाशी येतात. या पडलेल्या फांद्या मला फार प्रिय आहेत. त्या हातात घेऊन उलटसुलट करता येतात आणि त्यासाठी काही तोडावं लागत नाही.

शैवाक आहे की दुसरंच काही

शेवाळ हा शब्द आपण ओल्या भिंतीवरच्या हिरव्या मऊ गादीलाही वापरतो. भिंगातून त्या गादीत इवली इवली पानं दिसली तर ते मॉस आहे, शैवाक नव्हे. कोकणात आणि घाटात खोडावर किंवा भिंतीवर नारिंगी, मखमलीसारखा थर दिसतो. नवखे त्याचेच पहिले फोटो काढतात. तो बहुतेक वेळा ट्रेंटेपोहलिया नावाच्या मोकळ्या वाढणाऱ्या शैवालाचा असतो. त्याला ठरावीक कड नसते, आणि भिंगाखाली लोकरीसारखे धागे दिसतात. गंमत अशी की हेच शैवाल आपल्याकडच्या कितीतरी शैवाकांच्या पोटात भागीदार म्हणून राहतं.

चुन्याचा शिंतोडा आणि पक्ष्याची शीट यांनीही फसायला होतं. भिंगाखाली ते नुसते डाग असतात. शैवाकाला कड असते, ठिपके, वाट्या, भेगा असतात.

आकारावरून ढोबळ तीन गट पाडता येतात. काही रंग लावल्यासारखी सालीला चिकटून असतात, नखानेही निघत नाहीत. काही पानासारखी पसरतात, त्यांची कड उचलता येते. काही झुडपासारखी उभी राहतात किंवा लोंबतात. चौथा प्रकार लक्षात ठेवण्याजोगा आहे. कोरडा असताना काळा कडक पापुद्रा, आणि भिजला की जेलीसारखा फुगतो. यात नीलहरित जिवाणू असतात.

एकाच गोष्टीसाठी मी तुम्हाला या छंदात ओढू इच्छिते, ती म्हणजे ग्राफिस. पोफळीच्या, जांभळाच्या किंवा फणसाच्या गुळगुळीत सालीवर पांढुरका चट्टा शोधा आणि दहापट भिंग डोळ्याला चिकटवून नाक सालीला लागेल इतकं जवळ जा. पांढऱ्या जमिनीवर काळ्या रेघा दिसतील. काही सरळ, काही वाकलेल्या, काहींना फाटे फुटलेले, जणू कुणी बोरूने मोडीत चार ओळी लिहून ठेवल्यात. आणखी नीट बघा. प्रत्येक रेघेला दोन ओठ आहेत आणि मधून बारीक चीर गेली आहे. या चिरेतून बुरशीचे बीजाणू बाहेर पडतात. काही जातींत ओठ काळे असतात, काहींत पांढरी पूड लागल्यासारखे, काहींच्या ओठांवर लांबीला समांतर खाचा असतात. जात ओळखताना या खाचा बघतात. ग्राफिस हे नावही लिहिण्याच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखिजा यांनी वर्षानुवर्षं शैवाकांचं काम केलं, त्यात या लिपीवाल्या कुळाचा वाटा मोठा आहे. आपल्या परसातलं झाड त्या कामाशी जोडलेलं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

सोबत काय घ्यायचं

दहापट भिंग, गळ्यात दोरीने अडकवलेलं. कंपासपेटीतली पट्टी. पाण्याची छोटी फवारणी बाटली. वही आणि पेन्सिल, कारण दवात पेनाची शाई पसरते. आणि छत्री, पाऊस नसला तरी. ती कशाला ते पुढे सांगते. मापासाठी नाणं ठेवू नका. रुपयाची नाणी वेगवेगळ्या मालिकांत वेगवेगळ्या आकाराची निघाली आहेत, फोटो बघणाऱ्याला तुमचं कुठलं ते कळत नाही.

कॅमेरा असेल तर उत्तम, पण पहिलं वर्षभर फोन पुरतो.

फोटो : क्रमाने

पहिल्या हिवाळ्यात मी शेकडो फोटो काढले. रंग छान, पोत छान. ते एका जाणकार अभ्यासकाला दाखवले तेव्हा त्यांनी शांतपणे तीनच गोष्टी विचारल्या. झाड कुठलं? आकार केवढा? खालची बाजू कशी आहे? एकाही फोटोत उत्तर नव्हतं. त्या सगळ्या फोटोंतून मला एकही नाव मिळालं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक शैवाकाचे ठरावीक फोटो ठरावीक क्रमाने काढते, आणि तुम्हीही पहिल्या दिवसापासून तसंच करा.

आधी वहीच्या पानाचा फोटो. त्यावर तारीख, गाव, झाडाचं नाव, जमिनीपासूनची उंची, ऊन की सावली, एवढं लिहिलेलं असू द्या. घरी आल्यावर कुठली मालिका कुठे सुरू झाली हे या पानावरून कळतं. मग चार पावलं मागे जाऊन पूर्ण झाड. मग हातभर अंतरावरून पट्टीसकट पूर्ण शैवाक. पट्टी शैवाकावर ठेवू नका, शेजारी, त्याच पातळीत धरा.

आता जवळ. दोन जागा महत्त्वाच्या, कड आणि मध्य. कडेला नवी वाढ असते. तिथले लोंब, म्हणजे पानासारखे फाटे, रुंद की अरुंद, टोकं गोल की कातरलेली, केस आहेत का, हे सगळं कडेच्या फोटोत यायला हवं. मध्यावर वाट्या असतात. वाटीचा काठ शैवाकाच्याच रंगाचा आहे की काळा, आतली चकती तपकिरी की काळी, हे दिसू द्या. वाट्या नसतील तर पृष्ठभागावर बारीक बोटांसारखे उंचवटे किंवा पिठासारखी पूड शोधा. शैवाकं या दोन्हींनी पसरतात. बोटं आणि पूड यांतला फरक फोटोत नीट आला नाही तर नाव सांगणारा तिथेच अडतो.

खालच्या बाजूचा फोटो फक्त पानासारख्या शैवाकांचा, आणि तोही एखादा लोंब आपणहून उचललेला असेल तिथेच किंवा पडलेल्या फांदीवर. शेवटी दोन-तीन फवारे मारा, मिनिटभर थांबा आणि तोच फोटो पुन्हा काढा. ओलं आणि कोरडं हे दोन फोटो शेजारी ठेवले की कधी कधी ते एकच शैवाक आहे यावर विश्वास बसत नाही. क्रम मात्र उलटा करू नका. एकदा भिजलं की त्या सकाळी त्याचा कोरडा फोटो तुम्हाला मिळत नाही.

फोनसाठी काही गोष्टी. अगदी जवळ नेलात की फोन स्वतःच रुंद लेन्सवर जातो, फोनचीच सावली पडते आणि कडा धूसर होतात. त्यापेक्षा वीतभर मागे येऊन दुप्पट झूम करा. चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स मिळते. तिला दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावं लागतं, पण ग्राफिसच्या रेघा तिनेच नीट येतात. ती नसेल तर भिंग फोनच्या लेन्सवर टेकवून धरा, तेही चालतं. मनगट खोडाला टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, श्वास रोखा. पडद्यावर बोट दाबून फोकस कुलूपबंद करा. फोन सालीला समांतर धरा, थोडा जरी तिरपा झाला तरी अर्धं चित्र धूसर येतं. आणि उजेड एक-दोन घर कमी करा. काळी साल किंवा काळा कातळ बघून फोनला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि पांढरं शैवाक चुन्यासारखं सपाट होऊन जातं.

छत्री यासाठी की थेट उन्हात शैवाकाचा फोटो येत नाही. कवडसा पडला की अर्धं पांढरं, अर्धं काळं. छत्री उघडून सूर्याच्या बाजूला धरा, संपूर्ण चौकट सावलीत घ्या. पांढऱ्या कापडाची छत्री मिळाली तर उजेड गाळून येतो आणि रंग खरे येतात. काळी असेल तर समोरून वहीचं पांढरं पान धरून थोडा उजेड परत टाका. दाट झाडीत पानांमुळे सगळ्यावर हिरवी झाक चढते. चौकटीच्या कोपऱ्यात पांढऱ्या कागदाचा तुकडा असेल तर घरी रंग सुधारता येतो. फ्लॅश बंद. वाट्यांची खोली दाखवायची असेल तर बाजूने, सालीला जवळजवळ घासून, छोट्या टॉर्चचा उजेड टाका.

कॅमेरेवाल्यांना थोडक्यात : 90 किंवा 100 मिलिमीटरची मॅक्रो, एफ 8 ते 11, ठेंगणा ट्रायपॉड. तरीही अगदी जवळून एक-दोन मिलिमीटरच खोली स्पष्ट येते, म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत आठ-दहा फोटो घेऊन ते संगणकावर एकत्र करावेत.

हात बसला की 365 नॅनोमीटरची अतिनील टॉर्च घ्या. आंब्याच्या खोडावर पिक्सीन कोकोएस नावाचं राखाडी शैवाक सर्रास असतं आणि तसंच दिसणारं डिरिनारियाही असतं. तिन्हीसांजेला टॉर्च मारली की पिक्सीन पिवळं झळाळतं, त्यातल्या लायकेझॅन्थोन या द्रव्यामुळे. डिरिनारिया तसं पिवळं होत नाही. टॉर्च डोळ्यांवर मारू नका, आणि अंधारात पायाखाली साधी टॉर्चही असू द्या.

तोडायचं नाही

तुम्हाला दिसणारा तळहाताएवढा चट्टा तुमच्या मुलाच्या वयाचा असू शकतो. सालीला चिकटलेली कितीतरी शैवाकं वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरच वाढतात. म्हणून सुरी, पटाशी घरी ठेवा. अभयारण्यात आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय काहीही काढणं कायद्यानेही चालत नाही. देवराईत तर गुरवांना, गावकऱ्यांना विचारून, चपला बाहेर काढून जा. काही देवराया आपल्याकडच्या सर्वांत जुन्या झाडांना सांभाळून आहेत, तिथे आपण पाहुणे.

कुणाच्या वाडीत शिरताना मालकाला सांगा की खोडावरचे डाग बघतोय. हमखास प्रश्न येतो. माझ्या काकांनीही आंब्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, "ही बुरशी झाड खातेय ना गं? चुना मारून टाकू?" मी त्यांना म्हटलं, "काका, झाड खातं ते बांडगूळ. ते फांदीच्या आत शिरून रस पितं. हे नुसतं सालीवर बसलंय, पाणी हवेतून घेतं, अन्न स्वतःचं स्वतः करतं." त्यांनी भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ आंब्याला डोळा लावून उभे राहिले. चुना मारला नाही.

दगड उलटू नका, कोकणात त्याखाली फुरसं असतं. आग्या मोहोळ असलेल्या झाडाजवळ जाऊ नका. घाटातल्या जंगलात बिब्ब्याच्या जातीची झाडं असतात, त्यांचा चीक लागला की अंगावर फोड येतात, म्हणून अनोळखी खोडाला गाल टेकवण्याआधी विचार करा.

नाव शोधताना

भारतात शैवाकांच्या अडीच हजारांहून जास्त जाती नोंदल्या आहेत आणि त्यातल्या पुष्कळशा फोटोवरून ठरतच नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू बघावे लागतात, रसायनांचे थेंब टाकून रंग तपासावे लागतात. म्हणून फोटोवरून प्रजातीपर्यंत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) पोचलात, म्हणजे ग्राफिस, पानासारखं पार्मोट्रेमा, उस्निया एवढं म्हणता आलं, की तेवढ्यावर थांबा. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर मालिकेतले सगळे फोटो एकाच नोंदीत टाका. फोनने सुचवलेलं पूर्ण नाव मात्र लगेच मान्य करू नका. ते पुष्कळदा युरोपातल्या जातीचं असतं.

आणि घराजवळचं एक झाड निवडा. छातीच्या उंचीवरचं एक गोल शैवाक ठरवा, खोडाला सैलसर सुतळी बांधून खूण करा. खिळा नको. दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, तीच पट्टी त्याच कोनात धरून फोटो काढा आणि वहीत व्यास लिहा. आमच्या वाडीतल्या तिसऱ्या पोफळीवरचं एक मी असं मोजते. वहीत त्याच्या नावापुढे चार पाडव्यांचे चार आकडे आहेत, आणि पाचव्यासाठी जागा सोडलेली आहे.